नकाशाकडे पाठ

आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या घरात सोफा चुकीच्या भिंतीला लावलेला होता. त्यावर बसून टीव्ही बघायचा तर मान वाकडी करावी लागायची, दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं आणि उन्हाळ्यात कूलरचा झोत सोफा सोडून सगळीकडे जायचा. तरी तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला. कारण त्याच्या वरच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगलेला होता आणि पाहुण्याची पाठ त्या नकाशाकडे असावी अशी बाबांची योजना होती. स्वतः ते समोरच्या लाकडी खुर्चीत बसायचे. त्यांना अख्खं राज्य दिसायचं, पाहुण्याला फक्त बाबा दिसायचे. मग ते प्रश्न विचारायचे.

माझा या माणसावर राग आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. शेवटी सगळं गोड होईल अशी आशा कुणी ठेवू नये. मी कोर्टात स्टेनो आहे. लोक एकमेकांना जे बोलतात ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचा मला पगार मिळतो. त्यामुळे घरात कोण काय बोललं तेही माझ्या डोक्यातून जात नाही. लोकांना हा गुण वाटतो. मला विचाराल तर हे दुखणं आहे.

बाबा खाणी आणि खनिजांशी संबंधित एका सरकारी कचेरीत होते. जीपमधून दौरे करायचे. मनसरचं मँगनीज, उमरेडचा कोळसा, चंद्रपूरकडचा चुनखडक, हे त्यांच्या रोजच्या बोलण्यात असायचं. शर्टाच्या खिशातून खडे निघायचे, ते धुण्याआधी काढून ठेवायचं काम आईचं. दौऱ्यावरून आले की ताटावर परीक्षा. पोळी भाजी मिळायची, पण वरणभात वाढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं. पेंच कशाला मिळते? कन्हानला. कन्हान कशाला मिळते? वैनगंगेला. लोणारचं सरोवर कोणत्या जिल्ह्यात? भंडाऱ्याला पितळेची भांडी, मग कोसा रेशीम कुठे? चुकलं की ते चमचा खाली ठेवून थांबायचे आणि आपण आठवेपर्यंत वरण गार होत राहायचं. आई वाढता वाढता ओठ हलवून उत्तर सांगायची. शाळा तिची नववीत सुटली होती, पण ऐकून ऐकून तिला सगळ्या नद्या पाठ होत्या.

या सगळ्या ज्ञानाच्या तळाशी एक दुखणं होतं. आमचे पूर्वज मराठा फौजेबरोबर कारकून म्हणून या भागात आले आणि इथेच राहिले, असं घरात सांगतात. आजोबा सचिवालयात होते, तेव्हा नागपूर राजधानी होती. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग मध्य प्रदेशची. छप्पन साली ते राजधानीपण गेलं. आजोबांची खुर्ची मुंबईला गेली नाही आणि आजोबाही गेले नाहीत. ते इथेच एका दुय्यम कचेरीत निवृत्त झाले आणि आयुष्यभर कुरकुरत राहिले. ती कुरकुर वारसाहक्काने बाबांकडे आली. कोळसा आमचा, राख आमची आणि उजेड मुंबई-पुण्याला, हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे. दर हिवाळ्यात अधिवेशनाला मंत्री आले की बाबा म्हणायचे, संत्री खायला आले. महाराष्ट्र दिनाला आमच्या घरी गोड होत नसे. विदर्भाच्या पलीकडचा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी 'तिकडचा' होता आणि तिकडच्या प्रत्येक माणसाच्या घरामागे एक धरण आणि एक साखर कारखाना होता.

आणखी एक गंमत सांगते. घरात बाबा अगदी कचेरीतलं मराठी बोलायचे. मला, तुला, का, कशाला. पण समोर कुणी तिकडचा आला की लगेच मले, तुले, काहून. त्यांची आई तसं बोलायची. लहानपणचं ते बोलणं त्यांनी काठीसारखं कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं, पाहुणा आला की हातात घ्यायचे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. धाकटी बहीण तेव्हा शाळेत होती. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं, प्रश्नही आले. ओठ हलवून सांगायला मात्र कुणी उरलं नाही, म्हणून मी सगळं पाठ केलं. मला आजही या राज्यातल्या कुठल्याही नदीचं माहेर-सासर झोपेतून उठवून विचारा.

माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा एक मुलगा पुण्याहून आला. बँकेत अधिकारी होता. दिसायला साधा. आमच्याकडच्या तर्रीपोह्यांचा पहिला घास घेतल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने आणखी तर्री वाढून घेतली. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि मला तो तिथेच आवडला. नंतर बाल्कनीत आम्हाला पाच मिनिटं बोलायला सोडलं. त्याने विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? मी म्हटलं, झोपते. तो मोकळा हसला. म्हणाला, चला, एक तरी गोष्ट जुळली.

आत आल्यावर तो सोफ्यावर बसला, नकाशाकडे पाठ करून. बाबांनी विचारलं, वर्धा आणि वैनगंगा एक झाल्यावर पुढच्या नदीला काय म्हणतात? तो पुन्हा तसाच हसला आणि म्हणाला, काका, मोबाइलवर बघून सांगतो. बाबा म्हणाले, चहा घ्या, तुम्हाला निघायला उशीर होईल. दुसऱ्या दिवशी मध्यस्थामार्फत आमचा नकार गेला. मला कुणी विचारलं नाही. मी चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच उभी होते, तरी नाही.

त्यानंतर आणखी काही आले. एकाने गोंदिया छत्तीसगडात टाकलं. एक जण सोफ्यावर बसायच्या आधीच भडकला, कारण त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. मग जरीपटक्यापासून गांधीबागेपर्यंत सगळ्या मध्यस्थांना कळून चुकलं की त्या घरात मुलाची परीक्षा घेतात, आणि स्थळं यायची थांबली. पोरी सासरी जायच्या वयात मी कोर्टातून घरी येत राहिले. वरणाला फोडणी देत राहिले. समोर बसलेला माणूस मला विचारत राहिला, सांग, पैनगंगा कुठे उगम पावते?

धाकटी माझ्यापेक्षा बरीच लहान आणि माझ्यापेक्षा बरीच शहाणी. ती नोकरीला पुण्याला गेली आणि तिथे तिने स्वतःच मुलगा ठरवला. तिच्याच कंपनीतला. त्याचं घर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात होतं. वडील लहानपणीच गेलेले, आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. सुट्टीला घरी आल्यावर धाकटीने हे आधी मला सांगितलं, मी पोळ्या लाटत असताना. मी म्हटलं, सरळ लग्न कर आणि पेढे घेऊन ये. ती म्हणाली, नाही ताई. बाबा मांडवात बसले तरच करीन. ते नाही म्हणाले तर मी थांबेन.

कुठवर, मी विचारलं. ते हो म्हणेपर्यंत, ती म्हणाली. आमच्या घरात थांबणं म्हणजे काय, ते तिच्यासमोर हातात लाटणं घेऊन उभं होतं. तिला ते दिसत होतं, तरी ती तसं म्हणाली. तिने हेही सांगितलं की मुलाची तयारी तूच करून घे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

मग रोज संध्याकाळी कोर्टातून आल्यावर मी बाल्कनीत बसून फोनवर त्या मुलाची शिकवणी घ्यायला लागले. मुलगा गुणी. हो ताई, हो ताई करत त्याने खाणी, नद्या, राजधान्या सगळं डोक्यात घातलं. एकदा त्याने विचारलं, ताई, सगळे प्रश्न विदर्भाचेच का? मी म्हटलं, आमच्या बाबांचं राज्य बुलढाण्याला संपतं. तो हसून म्हणाला, आमच्या आईचं फलटणला. फलटणला कालव्याचं पाणी आहे, तिथल्या माणसाशी ती धड बोलत नाही. मी ते हसण्यावारी नेलं.

धाकटीचं लग्न व्हावं म्हणून मी त्याला शिकवत होते, हे अर्धंच खरं. पुण्याहून आलेल्या कुणीतरी त्या सोफ्यावर बसून बाबांच्या तोंडावर 'प्राणहिता' म्हणावं आणि मी तेव्हा दारात असावं, हे मला कितीतरी वर्षं हवं होतं.

मुलगा आणि त्याची आई मे महिन्यात आले; धाकटी आदल्या दिवशीच घरी आली होती. बाहेर अंग भाजून निघेल असं ऊन. बाबांनी सकाळीच बाल्कनीतल्या नळाला पाइप जोडून कूलर भरायला लावला होता. मुलाची आई उंच, काटक, केस घट्ट बांधलेले, सुती साडीला कडक इस्त्री. ती सोफ्यावर बसली पण टेकली नाही. पोहे घ्या म्हटलं तर घेतले, छान झालेत असं म्हणाली नाही. रीतीप्रमाणे बाबांनी आधी कुळ, गोत्र, कुलदैवत विचारायला हवं होतं. ते त्यांनी गाळलंच. होणाऱ्या जावयाला तुम्ही म्हणायची पद्धत, तीही गाळली. सरळ म्हणाले, "सांग गा, नागपूर कशाची राजधानी होतं?"

मुलाने सांगितलं. मँगनीज कोठी निंगते? मनसर, गुमगाव, इकडे चिखला. दगडी कोळसा? कामठी, उमरेड, वणी, चंद्रपूर. मुलगा अडखळत नव्हता आणि बाबांचा आवाज प्रत्येक उत्तराबरोबर चढत होता. धाकटी आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. शेवटी बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि तो प्रश्न आला. मुलगा म्हणाला, प्राणहिता, आणि पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते.

मी ट्रे घेऊन दारात होते. बाबांनी मुलाकडे बघितलंच नाही. त्यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं. कुणी शिकवलं ते त्यांना कळलं होतं आणि कळावं अशीच माझी इच्छा होती.

पाठ करून आला तू, असं म्हणून त्यांनी मग सगळं बाहेर काढलं. राजधानी नेली, कोळसा नेला, वीज नेली, आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये लेकरं घामात भिजली आणि तुमच्याकडे रस्त्यावरच्या पाट्या रात्रभर चमकल्या. तिकडे धरणावर धरण, ऊस, कारखाने. या शेवटच्यावर ते अगदी त्या बाईंकडे बोट करून बोलत होते, जणू त्यांनी एखादं धरण पर्समध्ये घालून आणलं होतं.

"साऱ्या पाण्यावर तुमीच बसून राहिले," बाबा म्हणाले. "माही पोरगी मी अशा लोकाईच्या घरी काहून देऊ?"

कूलर केव्हाच भरला होता. पाणी टाकीच्या कडेवरून बाल्कनीत सांडत होतं आणि तिथून पन्हाळीतून खाली पार्किंगमध्ये पडत होतं. नागपुरात उन्हाळ्यात हा आवाज घरोघरी असतो, आम्हाला तो ऐकूही येत नाही. त्या बाई बाबांचं वाक्य पुरं होताच उठल्या. परक्या घरात, कुणाला न विचारता, हॉल ओलांडून बाल्कनीत गेल्या, नळ घट्ट बंद केला, पदराला हात पुसले आणि परत येऊन बसल्या.

बाबा म्हणाले, "काहून बंद केला?"

"भरला होता."

"मी पाहून घेतलं असतं."

"कधी?" त्या म्हणाल्या.

मग त्या बाईंनीच विचारलं, तुमचं कुलदैवत कुठलं? हा रीतीचा प्रश्न असल्यामुळे बाबा जरा सावरले आणि म्हणाले, शिखर शिंगणापूरचा महादेव. कधी गेला होता? आजोबा गेले असावेत. तालुका कुठला? सातारा जिल्हा, बाबा म्हणाले. "मी तालुका विचारला," त्या म्हणाल्या, अगदी वर्गात म्हणावं तसं. बाबा म्हणाले, साताऱ्याले काय कमी हाये, कोयना हाये, महाबळेश्वर हाये.

"माण तालुका," त्या म्हणाल्या. "नकाशा तुमच्या समोर आहे. दाखवा."

बाबा उठले. चष्मा लावला आणि सोफ्याच्या बाजूला जाऊन त्यांनी साताऱ्यावर बोट ठेवलं. ते कोयनेपाशी होतं. तिथून वर महाबळेश्वर, खाली पाटण. ज्या माणसाला गडचिरोलीतल्या ओढ्यांची नावं तोंडपाठ होती, त्याचं बोट स्वतःच्या देवाचा तालुका शोधत हिरव्या पट्ट्यात फिरत होतं. बाई वळून बघत नव्हत्या. त्यांची पाठ नकाशाकडे होती.

"उजवीकडं," त्या म्हणाल्या. "अजून उजवीकडं. नदीची रेघ बारीक होते तिथं. सापडलं? माझ्या घराच्या माळवदावरून तुमच्या देवाचं शिखर दिसतं. जिल्हा तोच आहे. महाबळेश्वरला छत्री उघडता येत नाही इतका पाऊस, आणि डोंगराच्या अलीकडं आमच्यात तुमच्या नागपूरच्या निम्मासुद्धा पडत नाही. टँकर आला की माझा वर्ग रिकामा व्हायचा, पोरं हंडे घेऊन रांगेत. धरण मी पहिल्यांदा सहलीत पाहिलं. तुमचे वाडवडील फौजेबरोबर इतक्या लांब आले, असं माझा मुलगा सांगत होता. तिथं पिकत असतं तर कोण आलं असतं? तुम्ही आमच्यातलेच आहात. फक्त आधी पळालात."

बाबांनी नकाशावरचं बोट काढलं, आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्या बाई उभ्या राहिल्या. मुलाला म्हणाल्या, चल. तो हलेना, म्हणून पुन्हा म्हणाल्या. धाकटीजवळ थांबल्या आणि म्हणाल्या की मुलगी म्हणून तू मला पसंत आहेस, पण हा माणूस सोयरा म्हणून जन्मभर मी ऐकून घेणार नाही. नागपूरला येताना त्या मनात राग घेऊनच आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. विदर्भातले लोक सतत रडतात, आम्ही कुणाकडं रडलो, असं काहीतरी त्या जिना उतरताना मुलाला सांगत होत्या. म्हणजे दोन्हीकडे माणूस सारखाच. फक्त नकाशे वेगळे.

मला आनंद झाला होता. तो लपवणार नाही. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उरलेले पोहे खाल्ले, तर्री ओतून ओतून. तेवढ्यात धाकटी आली. डोळे लाल, पण आवाज शांत.

"ताई, तुला हेच बघायचं होतं ना?" ती म्हणाली. "तुझं झालं. आता माझं काय?"

त्याच संध्याकाळच्या गाडीने ती पुण्याला गेली. मी स्टेशनवर सोडायला गेले, तर तिने बॅगही मला उचलू दिली नाही. मुलाशी ती रोज बोलत होती, पण घरचे हो म्हणेपर्यंत नाही, हेच धरून होती. तिकडे त्याची आईही नाही म्हणून बसली होती. आता थांबणारी एकटी धाकटीच होती आणि तिला थांबवणारे दोघं, या टोकाला एक, त्या टोकाला एक.

घरात जेवताना प्रश्न बंद झाले. मी वरण वाढायचे, बाबा खायचे. मी कोर्टातून यायचे तेव्हा ते सोफ्यावर गुडघे टेकून, भिंग घेऊन नकाशासमोर असायचे. लाज वाटली असेल असं कुणाला वाटेल. मला तसं वाटलं नाही. पराभूत वकील निकालपत्र पुन्हा पुन्हा वाचतो, त्यातलं ते होतं. धाकटीचा फोन आला की म्हणायचे, तिला सांग मी झोपलोय.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी मला सांगितलं, त्या बाईंना फोन लाव. मी म्हटलं, भांडायचं असेल तर स्वतः लावा. ते म्हणाले, लाव, आणि स्पीकरवर ठेव, मला नीट ऐकू येत नाही. मी लावला. तिकडून त्या बाईंनी नुसतं "बोला" म्हटलं. बाबांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"टँकर अजून येतो का?" त्यांनी विचारलं.

उन्हाळ्यात येतो, त्या म्हणाल्या. खालच्या गावांना कालव्याचं पाणी आलं, आमच्या वाडीला अजून नाही. रोज येतो का? नाही. मग सणाला सून घरी आली तर तिच्या आंघोळीचं काय? त्या म्हणाल्या, मी माझी आंघोळ पुढं ढकलीन. बाबांनी विचारलं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये तरी पाणी आहे ना? त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या, कोरडंच. म्हणाल्या, त्याच्या सोसायटीलाही टँकरच येतो. तुम्ही म्हणता ते सगळं पाणी पुण्यात कुठं जातं, ते मलाही शोधायचं आहे.

बाबा फोनवर आणखी वाकले. मग म्हणाले, पोरीला केस धुवायला पाणी लागतं, तिचे केस लांब आहेत. त्या म्हणाल्या, पाहिलेत मी. बाबा म्हणाले, मुहूर्त काढा. त्या म्हणाल्या, काढते, पण तुम्ही मांडवात भाषण करायचं नाही. ठीक आहे, बाबा म्हणाले. तुम्हीसुद्धा.

लग्न झालं. दोघांनी एकमेकांना मानपान दिले आणि लागेल तेवढंच बोलले. मंगलाष्टकांच्या वेळी बाबा अंतरपाटाकडे न बघता वर मंडपाकडे बघत होते. पाठवणीला ते रडले, अगदी हुंदके देऊन. लोकांना भरून आलं. मी लांब उभी होते आणि मला फक्त संताप येत होता. केसांना पाणी पुरेल का, हा प्रश्न त्या माणसाला विचारता येत होता, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे हा प्रश्न त्यांच्याकडे होता. इतकी वर्षं होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर दुपारी मी सोफा हलवला. एकटीनेच ढकलत ढकलत समोरच्या भिंतीला लावला, आणि बाबांची लाकडी खुर्ची नकाशाखाली नेऊन ठेवली. ते झोपून उठून आले, बसायला जागा तीच उरली होती म्हणून तिथे बसले. मी सोफ्यावर बसले. आता नकाशा मला दिसत होता, आणि त्याच्याखाली ते.

"काहून हलवला वं?" ते म्हणाले. समोर तिकडचं कुणीही नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या वेळी तुम्ही नदी विचारली. त्याच्या घरी मला काय मिळेल, ते नाही विचारलं."

मला वाटलं ते चिडतील. मी तयारीत होते. ते खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिले.

"तुह्या वेळी मले हो म्हणायचंच नव्हतं," ते म्हणाले. "तुही माय गेली होती. लहानी शाळेत होती. तू गेली असती तं मंग मी काय केलं असतं? तिकडच्या कोणालेच प्राणहिता येत नाई. म्हणून इचारली."

ते असं बोलले, जणू काही हे मला आधीपासून माहीत असायला हवं होतं. म्हणजे ना राजधानी, ना कोळसा, ना नद्या. वरण गरम हवं होतं. एवढ्या मोठ्या राज्याचा इतिहास आणि भूगोल त्यांनी माझ्या आणि दरवाजाच्या मध्ये आणून ठेवला होता, आणि मी त्यालाच त्यांची विद्वत्ता समजून आयुष्यभर त्यांच्याशी भांडत राहिले.

"मला येत होती," मी म्हटलं. "मी ट्रे घेऊन तिथेच दारात उभी होते. तुम्ही मला विचारायचं होतं."

चार वाजले होते, त्यांच्या चहाची वेळ. मी उठले नाही.